शितावरून भाताची परीक्षा. पण शीत कोणी काढले?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात थोड्या मिनिटांच्या अंतराने भूकंपाचे दोन धक्के बसले. त्यांतील मोठा धक्का ४.५ तीव्रतेचा होता. त्याच वर्षी १० जुलैच्या सकाळी पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला. दोन्ही वेळा माणसे घराबाहेर धावली, भांडी वाजली, काही भिंतींना तडे गेल्याच्या बातम्या आल्या. सुदैवाने मोठी हानी झाली नाही. चार दिवस चर्चा झाली आणि मग जो तो आपापल्या कामाला लागला. ज्या मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट पाहिली आहे, त्या मराठवाड्यातील एका जिल्ह्याने अशा धक्क्यांनंतर स्वतःला एक साधा प्रश्न विचारावयास हवा होता. ज्या छताखाली मुले बसतात, ज्या जलकुंभाचे पाणी गाव पिते, ज्या पुलावरून एस. टी. जाते, त्यांतील काँक्रीट कागदावर लिहिले आहे तेवढे खरोखर मजबूत आहे काय? आणि आहे, असे कोणी म्हणत असेल तर ते त्याला कशावरून समजले?

किल्लारी परिसरात पडली ती प्रामुख्याने दगडमातीची घरे. त्या आपत्तीनंतर खेड्यापाड्यांत अशी समजूत रुजली की ‘स्लॅब’ पडला म्हणजे सुरक्षितता आली. ही समजूत अर्धीच खरी आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यामागे आराखड्यापासून बांधणीपर्यंतची अनेक कारणे होती. पण काँक्रीट हे नावच मजबुतीची हमी नव्हे, एवढे त्या दिवशी सर्वांना दिसले. मजबूत काँक्रीट असते तसे दुबळे काँक्रीटही असते. आणि वरून गिलावा झाला की दोन्ही सारखीच दिसतात.

अठ्ठावीस दिवसांचा प्रश्न

बांधकामाच्या इतर वस्तूंहून काँक्रीट एका बाबतीत अगदी निराळे आहे. औंढ्याच्या नागनाथाचे देवालय ज्यांनी उभारले, त्या कारागिरांना प्रत्येक दगड बसविण्यापूर्वी ठोकून, वाजवून, पारखून घेता येत होता. वीट हातात घेऊन पाहता येते, लाकडाची गाठ डोळ्यांना दिसते, पोलादी सळई कारखान्यातून तपासून येते. काँक्रीट मात्र कामाच्या जागीच जन्माला येते. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी ही चार द्रव्ये एकत्र आली की त्यांतून काय निष्पन्न होईल, हे त्या क्षणी कोणालाही नुसत्या नजरेने सांगता येत नाही. त्याची ताकद दिवसागणिक वाढत जाते आणि ती मोजावयाची ती अठ्ठावीस दिवसांनी, असा संकेत आहे. तोवर सेंट्रिंग निघालेले असते, वरच्या भिंती उठलेल्या असतात आणि पुष्कळदा देयकही मंजूर झालेले असते.

यावर अभियंत्यांनी शोधलेला उपाय म्हणजे नमुना. काम चालू असताना ताज्या काँक्रीटचा थोडा भाग बाजूला काढावयाचा, तो पंधरा सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी पोलादी साच्यांत तीन थरांत ठासून भरावयाचा, दुसऱ्या दिवशी साचा उघडून तो ठोकळा स्वच्छ पाण्यात ठेवावयाचा आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडावयाचा. साईटवर सगळे त्याला ‘क्यूब’ म्हणतात. ‘एम २०’ या प्रतीच्या काँक्रीटने दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन इतका दाब सोसला पाहिजे. पंधरा सेंटिमीटरच्या त्या ठोकळ्याच्या संपूर्ण पृष्ठभागाचा हिशेब केला तर हा भार सुमारे सेहेचाळीस टन होतो. एका नमुन्यातून तीन ठोकळे करावयाचे आणि त्यांची सरासरी हा त्या नमुन्याचा निकाल. तिघांपैकी एखादा सरासरीपासून शेकडा पंधराहून अधिक दूर गेला तर तो निकालच ग्राह्य धरावयाचा नाही, इतकी काळजी भारतीय मानकाने घेतलेली आहे.

येथपर्यंत सारे ठीक आहे. ठोकळ्याचा आकार, ठासण्याच्या सळईची जाडी, पाण्याचे तापमान, यंत्राचा वेग, सर्वांचे नियम आहेत. पण या सगळ्या अचूकपणाच्या आधी एक पायरी येते आणि सर्व इमारत तिच्यावर उभी असते. तो ठोकळा कोणत्या काँक्रीटचा?

आकडा काय सांगतो?

एका लहान शाळेचे उदाहरण घेऊ. दोन वर्गखोल्यांच्या छताला आणि तुळयांना मिळून दहा घनमीटर काँक्रीट लागते असे धरले आणि प्रत्येक घनमीटरला तीनशे किलो सिमेंट धरले, तर साठ गोण्या होतात. एका वेळी एक गोणी घेणारा मिक्सर असेल तर त्यातून साठ वेळा माल निघेल. मिक्सरमधून एका वेळी निघणाऱ्या मालाला येथे ‘घाणा’ म्हणू. साठ घाण्यांचे मिळून ते छत. सहा ते पंधरा घनमीटरच्या कामाला किमान दोन नमुने घ्यावेत, असा तक्ता ‘आय. एस. ४५६’ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत आहे. दोन नमुने म्हणजे सहा ठोकळे, म्हणजेच सुमारे वीस लिटर काँक्रीट. दहा हजार लिटरांच्या छताबद्दल हे वीस लिटर साक्ष देणार! पाचशे भागांतला एक भाग उरलेल्या चारशे नव्व्याण्णव भागांच्या वतीने बोलणार.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत या मुलखात जुनीच आहे. पण ती म्हण जेथे जन्मली त्या चुलीचा विचार केला म्हणजे तिची अट ध्यानात येते. भात एकाच भांड्यात, एकाच आधणात शिजतो. त्याला उकळी आली की तळाचे वर येते, वरचे खाली जाते. म्हणून कोठलेही शीत उरलेल्या भाताबद्दल खरे बोलते. शिवाय शीत चेपून पाहणारी गृहिणी घरच्यांना वाढणारीही असते. कच्च्या भाताला शिजलेला म्हणण्यात तिचे काहीच हित नसते. काँक्रीटच्या बाबतीत या दोन्ही अटी सुटतात. तेथे साठ घाणे म्हणजे साठ निरनिराळी भांडी. आणि शीत काढणारा हात पुष्कळदा त्याचाच असतो, ज्याचे देयक त्या शितावर अवलंबून आहे.

सकाळचा घाणा आणि दुपारचा घाणा

स्लॅबचा दिवस ज्याने पाहिला आहे त्याला हे अधिक सांगावयास नको. सकाळी नारळ फुटतो. सरपंच, समितीचे सदस्य, एखादे गुरुजी, शाखा अभियंता अशी मंडळी जमलेली असतात. पहिल्या चार-सहा घाण्यांना खडी मोजून पडते, वाळू चाळलेली असते, पाणी डब्याने मापून ओतले जाते. क्यूब भरावयाचे ते याच वेळी भरले जातात. मग पेढे वाटले जातात, मंडळी पांगतात. अभियंत्याला त्याच दिवशी आणखी दोन गावांची कामे पाहावयाची असतात. त्याच्याकडे माणूसबळ कमी आणि रस्ते लांबचे, ही त्याची अडचणही खोटी नाही.

दुपारी एकनंतर चित्र पालटते. मार्चअखेरच्या घाईत किंवा पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत मराठवाड्याचे ऊन चाळीस अंशांच्या पलीकडे जाते. खडी तापलेली असते, पाणी उडून जाते, माल घट्ट होऊ लागतो. घमेली वाहणाऱ्या स्त्रिया आणि माल पसरणारे गवंडी सकाळपासून राबून थकलेले असतात. घट्ट माल सळयांच्या जाळीत सरकत नाही. तेव्हा कोणीतरी सांगतो, ‘पाणी सोडा थोडे.’ एक बादली पडते. माल पातळ होतो, काम भराभर उरकते. त्यात कोणाच्या मनात कपट असतेच असे नाही. पण ‘एम २०’ च्या ठरीव मिश्रणात पन्नास किलोच्या गोणीला फार तर तीस लिटर पाणी घालण्याची मर्यादा आहे आणि ओल्या वाळूतले पाणीही त्यातच धरावयाचे असते. दहा लिटरांची एक बादली वर पडली म्हणजे पाणी तिसऱ्या हिश्शाने वाढले. सिमेंटच्या मानाने पाणी जसजसे वाढते तसतशी काँक्रीटची ताकद घटते, हा नियम अमेरिकेतील डफ एब्रम्स या संशोधकाने १९१८ सालीच मांडला. जादा पाणी उडून जाते आणि त्याच्या जागी राहतात ती सूक्ष्म छिद्रे. पुढे त्याच छिद्रांतून पावसाळ्यात ओल शिरते, सळई गंजते, फुगते आणि काही वर्षांनी वर्गातील मुलांच्या डोक्यावर छताचे पोपडे पडू लागतात.

सकाळी भरलेल्या ठोकळ्यांना या दुपारची वार्ताही नसते. अठ्ठावीस दिवसांनी ते यंत्राखाली उत्तम निकाल देतात आणि तो निकाल खोटा नसतो. सकाळचा घाणा चांगला होता, एवढेच तो सांगतो. खोटे असते ते त्या निकालातून काढलेले अनुमान, की सगळे छत चांगले आहे. याहून वाईट प्रकारही बांधकामाच्या जगात सर्वांच्या ओठांवर असतात; कोणी तो लिहून देत नाही इतकेच. क्यूबसाठी वेगळा, सिमेंट अधिक घातलेला माल कालवावयाचा; किंवा एका चांगल्या कामाचे ठोकळे अनेक कामांच्या नावाने फोडावयाचे. अशा वेळी प्रयोगशाळा कितीही प्रामाणिक असली तरी ती फसते. तिच्या दारात जो ठोकळा येतो त्याचाच दाखला ती देऊ शकते. तो ठोकळा कोणाचा, याचा दाखला देणे तिच्या हाती नसते.

नियम काय म्हणतो?

या दोषावर उपाय शोधण्यासाठी नवी समिती नेमण्याची गरज नाही. उपाय मानकातच लिहिलेला आहे. नमुने यदृच्छेने निवडावेत, प्रत्येक घाण्याला तपासले जाण्याची वाजवी संधी असावी, नमुने काँक्रीट घालण्याच्या संपूर्ण कालावधीत विखुरलेले असावेत आणि जितकी मिश्रणयंत्रे असतील तितक्या सर्वांना त्यांनी स्पर्श करावा, असे ‘आय. एस. ४५६’ सांगते. दर पाळीला किमान एक नमुना हवा, असेही त्यात आहे. नमुना कसा काढावा यासाठी ‘आय. एस. ११९९’ हे स्वतंत्र मानक १९५९ पासून आहे आणि २०१८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्याचा मथितार्थ असा की एका ठिकाणाहून एक फावडे उचलणे म्हणजे नमुना नव्हे. मिक्सरमधून माल पडत असताना निरनिराळ्या वेळी, किंवा ढिगाच्या निरनिराळ्या जागांहून, थोडे थोडे घेऊन ते एकत्र कालवले म्हणजे तो प्रातिनिधिक होतो. कारण एकाच घाण्यातही जड खडी एकीकडे आणि पातळ चुना-पाण्यासारखा भाग एकीकडे अशी फाटाफूट होते. तयार काँक्रीट वाहून आणणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत अमेरिकेतील पद्धतही हेच सांगते: गाडीतून पडणारा अगदी पहिला आणि अगदी शेवटचा माल सोडून मधल्या भागातून किमान दोनदा घ्यावे, पहिल्या आणि शेवटच्या हिश्शात पंधरा मिनिटांहून अधिक अंतर नसावे आणि एकत्र केलेल्या नमुन्यात पाणी तर मुळीच मिसळू नये.

‘यदृच्छेने’ हा शब्द ऐकताच पुष्कळांना तो ढिसाळपणाचा पर्याय वाटतो. वस्तुतः तो अत्यंत शिस्तीचा शब्द आहे. मनास येईल तो घाणा घेणे म्हणजे यदृच्छा नव्हे. मनाला निवडीतून बाहेर काढणे म्हणजे यदृच्छा. या विचाराची थोरवी या देशाला नवी नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यास भारतीय संख्याशास्त्रीय संस्था स्थापन केली आणि १९५० पासून राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, ती याच पायावर. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी यदृच्छ नमुन्यांची पद्धत देशभर नेली आणि पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे संख्याशास्त्रप्रमुख झाले. तलाठ्याने बांधावर उभे राहून पीक किती येईल हे डोळ्यांनी ठरविण्यापेक्षा, चिठ्ठीने किंवा कोष्टकाने निवडलेल्या तुकड्यातले पीक कापून, मळून, तोलून पाहणे खरे, हा त्यातला विचार होता.

हिंगोलीच्या शेतकऱ्याला हा विचार पुस्तकातून शिकावा लागत नाही. पीक कापणी प्रयोगाचा तुकडा कोठे पडला यावर एका मंडळातील सोयाबीनची नुकसानभरपाई कशी ठरते, हे तो जाणतो. प्रयोग चांगल्या शेतात झाला आणि आपले पीक पाण्यात गेले, ही त्याची तक्रार नमुन्याविषयीचीच तक्रार असते. हळदीच्या मोंढ्यातही पोत्याच्या तोंडाशी असलेली हळकुंडे पाहून कोणी अनुभवी व्यापारी भाव लावत नाही. तो पोत्याच्या पोटात हात घालतो. पोत्याला लावला जाणारा हा साधा न्याय शाळेच्या छताला लावावयाचा नाही काय?

गणिताचा दिलासा

दोन नमुन्यांनी असे काय कळणार, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो निराधार नाही. वरील साठ घाण्यांपैकी सहा घाणे दुबळे आहेत असे समजा. दोन घाणे चिठ्ठी टाकून निवडले तर त्यांत किमान एक दुबळा निघण्याचा संभव शंभरात सुमारे एकोणीस. म्हणजे शंभरांतून सुमारे एक्क्याऐंशी वेळा दोष निसटून जाणार. एका शाळेपुरते पाहिले तर ही जाळी फारच विरळ आहे.

परंतु कंत्राटदार एकच काम करून थांबत नाही. तीच सवय त्याने दहा कामांत चालू ठेवली आणि दर वेळी घाणे चिठ्ठीनेच निवडले गेले, तर दहांपैकी किमान एका कामात तो सापडण्याचा संभव शंभरात अठ्ठ्याऐंशी होतो. वीस कामांत तो अठ्ठ्याण्णवांच्या पलीकडे जातो. म्हणजे यदृच्छ नमुना एका दिवशी फार काही पकडत नसला तरी दुपारी पाणी सोडण्याची सवय तो फार काळ टिकू देत नाही. याउलट नमुना नेहमी सकाळच्या पहिल्या घाण्यांतूनच घेतला जातो हे एकदा माहीत झाले, की दहा काय, हजार कामांतही दुपारचा दोष सापडण्याचा संभव शून्यच राहतो. ठोकळे तेवढेच, खर्च तेवढाच, प्रयोगशाळाही तीच. फरक फक्त निवड कोणी आणि केव्हा केली याचा. शासकीय कामांत गुणवत्तेसाठी नवनवी यंत्रे आणण्याच्या घोषणा होतात, तेव्हा या फुकटच्या सुधारणेकडे लक्ष जाऊ नये, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

यात प्रामाणिक कंत्राटदाराचेही हित आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. नीट न ठासलेला, उन्हात वाळलेला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आदळत गेलेला ठोकळा चांगल्या काँक्रीटलाही नापास करतो. मग छताला भोके पाडून गाभे काढण्याची पाळी येते. अशा वेळी किमान तीन गाभे घ्यावे लागतात आणि त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या शेकडा पंच्याऐंशीच्या खाली जाऊ नये, असा नियम आहे. पातळ स्लॅबला ही शस्त्रक्रिया सोसवत नाही आणि त्या काळात अडलेल्या देयकाचे व्याज कोणी भरून देत नाही. जो माल मोजून घालतो त्याला आणि जो बादली सोडतो त्याला एकच गुलाबी कागद मिळत असेल, तर मोजून घालणारा किती दिवस तग धरील?

एकाच जिल्ह्यातील दोन मोजमापे

औंढा नागनाथनजीक दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांच्या या यंत्राला प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म अशी हालचाल टिपावयाची आहे. अमेरिकेतील अशा दोन वेधशाळांत त्या भुजांच्या निर्वात नळ्या काँक्रीटच्या आच्छादनाखाली आहेत. असल्या कामात प्रत्येक काँक्रीटच्या नमुन्याचा क्रमांक, वेळ आणि जागा नोंदविण्याचा कोणाला कंटाळा येईल असे वाटत नाही. तेथे मोजमाप हाच धर्म आहे.

प्रश्न असा की त्या वेधशाळेपासून काही कोसांवर असलेल्या तांड्यावरच्या शाळेचे छत कोणत्या धर्माने मोजले जाणार? विश्वाच्या टोकावरून येणारा थरार जो जिल्हा टिपणार, त्याला आपल्याच पायांखालची जमीन थरथरली तेव्हा डोक्यावरच्या छताविषयी खात्रीने बोलता येऊ नये, हा विरोधाभास तंत्रज्ञानाच्या अभावातून आलेला नाही. साचा, सळई आणि स्वच्छ पाण्याचा हौद यांहून त्याला अधिक काही लागत नाही. मोठ्या शहरांत यासंबंधी काही हालचाल झालेली दिसते. मुंबई महानगरपालिकेने रस्त्यांच्या काँक्रीटीकरणात काँक्रीट तयार होते त्या कारखान्यात आणि ते ओतले जाते त्या रस्त्यावर, अशा दोन्ही ठिकाणी ‘स्लम्प’ ही घट्टपणाची चाचणी घेण्याचा आग्रह धरला आणि २०२५ मध्ये दोषींवर कारवाईही केली. वाटेत पाणी मिसळले गेले की नाही, हे त्याने तत्काळ उघड होते. एक लोखंडी शंकू, एक सळई आणि एक पट्टी एवढीच त्याची सामग्री. ती कळमनुरीला परवडणार नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

साक्षीदार कोण?

येथे माहितीच्या अधिकाराची आठवण करून देणे उचित ठरेल. २००५ च्या या कायद्याने नागरिकाला केवळ कागदाच्या नकलाच मिळतात असा सार्वत्रिक समज आहे. कायद्याच्या व्याख्येत मात्र कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचाही स्पष्ट समावेश आहे. सामान्य माणसाच्या हाती नमुन्याचा अधिकार देणारा हा कायदा खरोखर दूरदर्शी म्हटला पाहिजे. पण त्याला उत्तर देण्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे आणि काँक्रीट तीस दिवस थांबत नाही. सिमेंट अर्ध्या तासानंतर केव्हाही घट्ट होऊ लागते. अर्जाचे उत्तर येईल तेव्हा ताजे काँक्रीट दगड झालेले असते. म्हणून हा हक्क अर्जापुरता न ठेवता कामाच्या दिवशीच, कामाच्या जागीच, सर्वांसमक्ष बजावला जाईल अशी व्यवस्था व्हावयास हवी.

ती व्यवस्था अवघड नाही. किती घाणे होणार याचा अंदाज सकाळी लिहावा. तितक्या आकड्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकाव्यात आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या सदस्याने वा शिक्षकाने त्यांतून आवश्यक तेवढ्या काढून आपल्यापाशी मिटवून ठेवाव्यात. तो घाणा पडू लागला की मगच क्रमांक जाहीर करावा. मालाचे तीन-चार हिस्से घेऊन, कालवून, साचे भरावेत. ओल्या ठोकळ्यात तारीख, घाण्याचा क्रमांक आणि उपस्थितांच्या सह्या असलेली चिठ्ठी बसवावी. तो घाणा छताच्या कोणत्या कोपऱ्यात गेला याची नोंद मोजमाप पुस्तिकेच्या जोडीला ठेवावी, म्हणजे पुढे शंका आली तर नेमके कोठे पाहावयाचे हे कळेल. अठ्ठावीस दिवसांनंतरचा निकाल शाळेच्या फळ्यावर लिहावा आणि तो येईपर्यंत त्या भागाचे अखेरचे देयक थांबवावे. हिंगोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथील विद्यार्थ्यांना वर्गात शिकविलेली हीच क्रिया गावातल्या प्रत्यक्ष कामावर करण्याची संधी दिली, तर शाखा अभियंत्याचा भार हलका होईल आणि शिकणाऱ्यांच्या हातालाही खरे वळण लागेल.

यात शिक्षकांनी अभियंता होण्याची अपेक्षा नाही. शाळेच्या कार्यालयातील कारकून रोज आवक-जावक नोंदवितो, गुरुजी परीक्षेला उत्तरपत्रिकांवर क्रमांक घालतात, प्रश्नपत्रिकेचे पाकीट सर्वांसमक्ष उघडतात. प्रश्न आधी फुटला तर परीक्षेला अर्थ उरत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला कळते? कोणता घाणा तपासला जाणार हे आधीच ठाऊक असणे, ही काँक्रीटची फुटलेली प्रश्नपत्रिकाच आहे.

एकेकाळी या राज्यात सिमेंटची गोणी मिळविण्यासाठी परवाने लागत आणि त्या वाटपाच्या वादातून १९८२ साली मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. आज गोणी दारात येऊन पडते. टंचाई सिमेंटची राहिलेली नाही. ती आहे डोळ्यांसमोर घेतलेल्या एका प्रामाणिक घमेल्याची. पुढचा धक्का कधी बसेल हे कोणालाच सांगता येणार नाही. पण तो बसेल तेव्हा छत हे सकाळी भरलेल्या सहा ठोकळ्यांवर तोलून राहणार नाही. दुपारी उरकलेल्या घाण्यांवर राहील. म्हणून परीक्षाही त्या घाण्यांचीच व्हावयास हवी.